एका खटल्याची हकिकत

इसवी सन २०१० च्या मे महिन्याच्या ३ तारखेस मुंबईतील आर्थर रोड कारागृहाच्या आवारात उभारलेल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश म. ल. ताहिलियानी यांनी जो निकाल दिला, त्यात तीन आरोपींच्या भवितव्याचा निर्णय होता. परंतु लोकांच्या स्मरणात त्यांपैकी एकच राहिला. मोहम्मद अजमल आमिर कसाब या पाकिस्तानी तरुणास खून, कट आणि भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे या अपराधांबद्दल दोषी ठरविणाऱ्या त्याच निकालपत्राने, त्या कटात सामील असल्याचा आळ ज्यांच्यावर होता अशा दोन भारतीय इसमांना दोषमुक्त केले. आणि ज्या शहरात दीड वर्षापूर्वी एका रात्री सुरू झालेल्या दहशतवादी हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली होती त्या शहरात, लोकक्षोभ तसूभरही ओसरला नसताना, ही दोन्ही कामे एकाच लेखणीने एकाच दिवशी झाली. त्या रात्रीच्या संहाराच्या आणि शौर्याच्या कथा घरोघर पोहोचल्या आहेत. त्यानंतरची चार वर्षे न्यायसंस्थेने जे संथ, कष्टाचे आणि बहुधा लोकांच्या रोषास पात्र ठरलेले काम केले, त्याची कदर मात्र आपण पुरतेपणी केलेली नाही. म्हणून त्या खटल्याची हकिकत येथे सांगावयाची आहे.

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. कराचीहून समुद्रमार्गे निघालेल्या दहा सशस्त्र तरुणांनी वाटेत ‘कुबेर’ नावाची एक भारतीय मच्छीमार नौका बळकावली, तिच्यावरील तांडेलाचा आणि खलाशांचा बळी घेतला, आणि दिवेलागण होऊन गेल्यावर एका रबरी होडीतून ते कफ परेडनजीकच्या कोळ्यांच्या वस्तीपाशी किनाऱ्यास लागले. तेथून त्यांच्या जोड्या ठरल्या ठिकाणी पांगल्या. कसाब आणि त्याचा म्होरक्या अबू इस्माईल हे दोघे टॅक्सी करून छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आले. १८८८ साली पुरे झालेले, आपल्या घुमटांनी आणि कमानींनी शतकाहून अधिक काळ मुंबईची ओळख बनलेले ते रेल्वेस्थानक रात्री पावणेदहाच्या सुमारास जसे नेहमी असते तसेच होते: लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत, बोचक्यांवर आणि ट्रंकांवर टेकून बसलेली, मुलांना मांडीवर निजविलेली, बरोबर आणलेली शिदोरी सोडून जेवावयास बसलेली माणसे, कोणी उत्तरेकडील आपल्या गावी निघालेली, कोणी लग्नकार्याला, कोणी काम सुटले म्हणून परत चाललेली. या माणसांपैकी कोणाचेही त्या दोघा मारेकऱ्यांशी कसलेही वैर नव्हते. एके ४७ बंदुकींतून आणि हातबॉम्बांनी त्यांच्यावर जो मारा झाला त्यात काही मिनिटांत पन्नासाहून अधिक जीव गेले आणि शंभराच्या आसपास माणसे जायबंदी झाली. मृतांत हिंदू होते, मुसलमान होते. स्त्रिया होत्या, लेकरे होती. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे प्रतिकार करताना तेथेच पडले. वर आपल्या कक्षात बसलेल्या एका उद्घोषकाने, काचेपलीकडे काय चालले आहे हे ध्यानी येताच, उपनगरी गाड्यांतून उतरणाऱ्या उतारूंना मुख्य दालनाकडे न येण्याविषयी ध्वनिक्षेपकावरून वारंवार बजाविले; त्या आवाजाने किती जणांचे प्राण वाचविले याची मोजदाद होणे शक्य नाही.

स्थानकाबाहेर पडून ते दोघे कामा रुग्णालयात शिरले. स्त्रियांच्या आणि बालकांच्या त्या इस्पितळातील परिचारिकांनी गर्भवतींना आडोशाच्या खोल्यांत हलवून, दिवे मालवून, त्यांना निःशब्द बसवून ठेवले. अतिरिक्त आयुक्त सदानंद दाते यांनी मोजक्या माणसांनिशी गच्चीखाली त्यांची वाट अडवून धरली आणि हातबॉम्बचे घाव अंगावर घेतले. तेथून निसटून मारेकरी रंगभवनच्या गल्लीत आले, आणि त्या अरुंद गल्लीत दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे आणि निरीक्षक विजय साळसकर हे तीन नामांकित अधिकारी एकाच मोटारीत गोळ्यांना बळी पडले. तीच पोलिसांची मोटार घेऊन, मागील भागात मृत शिपायांसमवेत एक घायाळ शिपाई जिवंत आहे हे न जाणता, ते मेट्रो चित्रपटगृहाच्या चौकातून गोळ्या झाडीत गेले. चाक निकामी झाल्यावर दुसरी एक खाजगी मोटार बळकावून मरीन ड्राइव्हने गिरगाव चौपाटीकडे सुटले. त्या घायाळ शिपायाने दिलेली वर्दी बिनतारी यंत्रावरून पुढे गेली होती, आणि चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या लोकांनी नाकाबंदी केली होती.

तेथे जे घडले त्यावाचून हा खटला उभाच राहिला नसता. अबू इस्माईल चकमकीत ठार झाला. कसाबने बंदूक रोखली तेव्हा सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे त्याच्यावर झेपावले. सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचा, सैन्यात नोकरी करून पुढे पोलिसांत आलेला हा मनुष्य हातात केवळ काठी घेऊन उभा होता. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या पोटात घेतल्या, आणि सहकाऱ्यांनी कसाबला जमिनीवर पाडीपर्यंत पकड ढिली होऊ दिली नाही. दहांपैकी नऊ मारेकरी त्या तीन दिवसांत मारले गेले. जिवंत हाती लागला तो हा एकच. मारेकऱ्यांना पाठविणाऱ्यांचा बेत असा होता की, दहाही जणांनी मरावे आणि त्यांच्याबरोबर त्यांचे नाव, गाव आणि धन्यांचा पत्ताही नाहीसा व्हावा. तो बेत केडंबे गावच्या एका सहायक फौजदाराने आपल्या देहाने मोडला. २००९ च्या प्रजासत्ताकदिनी ओंबळे यांना, करकरे, कामटे व साळसकर यांच्याबरोबर, मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. परंतु त्यांचे खरे ऋण न्यायालयाच्या दफ्तरात आहे: पाकिस्तानातील ओकारा जिल्ह्याच्या फरीदकोट गावचा एक रहिवासी आपल्या मुखाने बोलला, आणि आरंभी सर्व काही नाकारणाऱ्या त्याच्या सरकारला २००९ च्या जानेवारीत तो आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले, ते या एका पकडीमुळे.

आता प्रश्न असा होता की, या मनुष्याचे करावयाचे काय. त्याचे हातात बंदूक घेतलेले छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले होते. लोक विचारीत होते की, इतके सारे डोळ्यांनी पाहिल्यावर खटला कशाला हवा? हा प्रश्न विचारणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांच्यातील कित्येकांच्या घरांतून प्रेते उचलली गेली होती. तथापि त्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर एकच होते, आणि ते अत्यंत बारीकसारीक कलमांच्या पालनातून द्यावयाचे होते. उदाहरणादाखल कबुलीजबाबाची गोष्ट घ्यावी. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हा तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचा दंडक होता. त्यामुळे रुग्णालयातील खाटेवर पोलिसांपुढे कसाब जे बोलला, आणि जे दूरचित्रवाणीने देशभर दाखविले, त्याला न्यायालयात कबुलीजबाबाचे मोल नव्हते. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याला महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले तेव्हा त्या दंडाधिकारी बाईंनी पोलिसांना दालनाबाहेर घालविले, कबुली देण्यास तू बांधलेला नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल हे त्याला समजावून सांगितले, आणि तो बोलावयास उतावीळ असतानाही त्याचा जबाब लगेच न घेता, विचारासाठी अवधी देऊन पोलिसांच्या ताब्याबाहेर, न्यायालयीन कोठडीत परत धाडले. पुन्हा आणले, पुन्हा तेच विचारले, पुन्हा अवधी दिला. आणि मग कोठे त्याची कैफियत लिहून घेतली. घाईच्या दिवसांत घेतलेल्या या सावकाशीचेच पुढे फळ मिळाले. जबाब फिरविला गेला तेव्हा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या कबुलीची अक्षर न् अक्षर तपासणी केली, आणि ती स्वेच्छेने दिलेली असल्याचा निर्वाळा दिला.

२५ फेब्रुवारी २००९ रोजी अकरा हजारांहून अधिक पानांचे दोषारोपपत्र दाखल झाले. उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली होती. परंतु आरोपीच्या बाजूस वकील कोण? मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने त्याचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये असा ठराव केला. न्यायालयाने ज्या महिला वकिलांना प्रथम नेमले त्यांच्या घरासमोर जमाव चालून गेला. राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीस आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्यात नागरिक व परकीय असा भेद केलेला नाही. वकिली हा व्यवसाय ज्या प्रतिज्ञेवर उभा आहे तिचा विसर त्या काळात पुष्कळांना पडला, हे नमूद करावयास हवे. आणि तो न पडू देणारेही होते, हे त्याहून आवर्जून नमूद करावयास हवे. पहिल्या वकील बाई त्याच हल्ल्यातील एका साक्षीदाराचेही काम पाहत असल्याचे आढळून आल्यावर न्यायालयाने त्यांची नेमणूक रद्द केली आणि १६ एप्रिल २००९ रोजी अब्बास काझमी यांना नेमले. शेकडो औपचारिक साक्षीदारांच्या साक्षी शपथपत्रांवर घ्याव्यात की प्रत्येकास पिंजऱ्यात बोलवावे, या वादात ३० नोव्हेंबरला न्यायालयाने त्यांनाही दूर केले, आणि त्यांचे साहाय्यक के. पी. पवार यांनी शेवटपर्यंत बचावाची धुरा वाहिली. या सर्वांना लोकांचे शिव्याशाप ऐकावे लागले आणि पोलीस पहाऱ्यात वावरावे लागले. सरकारी पक्षाच्या पुराव्याची उलटतपासणी त्यांनी केली म्हणूनच तो पुरावा पुढे दोन वरिष्ठ न्यायालयांत टिकून राहिला, ही गोष्ट त्यांना शिव्या देणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात आली.

खटला चालला तो कारागृहाच्या आतच. बॉम्बस्फोटाने भेदता न येणारा मार्ग बांधून कसाबची कोठडी न्यायालयाशी जोडली होती, आणि इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाचा पहारा त्यावर होता. आरंभीच त्याच्या वतीने असा मुद्दा आला की आरोपी अल्पवयीन आहे. न्यायाधीशांनी तो हसण्यावारी नेला नाही. वैद्यकीय तज्ज्ञांकडून त्याच्या हाडांची व दातांची तपासणी करविली, त्यांच्या साक्षी घेतल्या, आणि त्याचे वय विसाच्या वर आहे असा निष्कर्ष लेखी नोंदविला. ६ मे २००९ रोजी त्याच्यावर ८६ दोषारोप निश्चित करण्यात आले. त्याने ते अमान्य केले. आणि साक्षीपुराव्यास प्रारंभ झाला.

तो पुरावा किती निरनिराळ्या थरांतून आलेल्या माणसांनी दिला हे पाहण्यासारखे आहे. स्थानकावर प्राण मुठीत धरून मारेकऱ्यांची छायाचित्रे टिपणारे वृत्तपत्रांचे छायाचित्रकार आले आणि आपापली चित्रे शाबीत करून गेले. कामा रुग्णालयातील परिचारिका आल्या. मोटारीच्या मागील भागात मृतांसमवेत निपचित पडून राहिलेला तो शिपाई आला. अमेरिकेच्या तपास खात्याचे तज्ज्ञ आले, आणि त्यांनी ‘कुबेर’वर सापडलेल्या दिशादर्शक यंत्रातून कराचीकडील समुद्रमार्गाची नोंद कशी निघाली हे सांगितले, होडीच्या इंजिनाचा माग पाकिस्तानपर्यंत पोहोचला. हल्ला चालू असताना सीमेपलीकडून मारेकऱ्यांना दूरध्वनीवर जे हुकूम दिले जात होते, त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे उतारे दफ्तरी दाखल झाले. आणि जून महिन्यात एके दिवशी कुबड्यांच्या आधाराने एक लहान मुलगी साक्षीदाराच्या जागी आली. त्या रात्री ती वडिलांबरोबर गाडीची वाट पाहत होती आणि तिच्या पायात गोळी लागली होती. शपथेचा अर्थ तिला कळतो की नाही याची न्यायाधीशांनी खात्री करून घेतली; मग तिने आरोपीकडे बोट दाखवून त्याला ओळखले. फिर्यादी पक्षाचे एकूण सहाशेंहून अधिक साक्षीदार झाले, आणि एवढा पसारा असूनही खटला वर्षभरातच संपला; याच कारागृहाच्या आवारात १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला त्यापूर्वी बारा वर्षांहून अधिक काळ रेंगाळला होता हे स्मरले, म्हणजे या शिस्तीचे मोल कळते.

२० जुलै २००९ रोजी कसाब एकाएकी उठला आणि आपला गुन्हा कबूल करावयाचा आहे असे म्हणाला. सारे दालन थक्क झाले. लोकांना वाटले, झाले, खटला संपला. परंतु न्यायाधीशांनी त्याचे संपूर्ण म्हणणे लिहून घेतले, आणि त्याने सर्व दोषारोप मान्य केलेले नाहीत, स्वतःकडील बराचसा भार तो मृत साथीदारावर टाकीत आहे, हे पाहून ती कबुली दफ्तरी ठेवून खटला पुढे चालविण्याचा आदेश दिला. हा निर्णय त्या वेळी कित्येकांना विनाकारण कालहरण वाटला. पण १८ डिसेंबर रोजी, पुराव्यातील प्रत्येक मुद्द्यावर आरोपीस खुलासा करण्याची संधी देण्यात आली तेव्हा, कसाबने सर्व काही नाकारले: आपण चित्रपट पाहण्यासाठी मुंबईस आलो होतो, हल्ल्याच्या पुष्कळ दिवस आधीच पोलिसांनी आपल्याला जुहूवरून धरून नेले, असे त्याने सांगितले. जुलैतील त्या कबुलीवर विसंबून कामकाज गुंडाळले असते, तर या इन्कारापुढे सरकारपाशी काय उरले असते? न्यायाधीशांनी पुराव्याचा एकेक चिरा स्वतंत्रपणे बसवून घेतला होता, म्हणून इन्काराने इमारत हलली नाही.

या काळात लोकांच्या मनाची अवस्था किती नाजूक होती हे एका गोष्टीवरून दिसते. कसाब तुरुंगात बिर्याणी मागतो, अशी वार्ता देशभर पसरली आणि तिच्यावर वर्षानुवर्षे संताप व्यक्त झाला. २०१५ साली निकम यांनी स्वतःच जाहीर केले की, कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट निर्माण होऊ पाहत होती ती मोडण्यासाठी आपणच ती वार्ता रचली होती, असेही त्यांनी सांगितले. न्यायालयाच्या निकालाला त्या वार्तेची कोठेही गरज पडली नाही. जे शपथेवर शाबीत झाले तेवढेच निकालपत्रात आले, आणि तेवढे पुरेसे होते.

आता त्या दोघा सहआरोपींकडे वळू. त्यांच्यावरील मुख्य आरोप असा की, हल्ल्याच्या ठिकाणांचे हातांनी काढलेले नकाशे त्यांनी पुरविले, आणि त्यांपैकी एक मृत अबू इस्माईलच्या विजारीच्या खिशात सापडला. बचाव पक्षाने तो कागद न्यायालयापुढे धरून साधा प्रश्न विचारला: ज्याची विजार रक्ताने भिजली होती, जो समुद्रातून आला, धावला, पडला, मेला, त्याच्या खिशातील कागदावर रक्ताचा डाग नाही आणि फारशी सुरकुतीही नाही, हे कसे? त्या दोघांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी नावाचे, कोवळ्या वयात स्वतः कारावास भोगून मग कायदा शिकलेले, गरीब आरोपींची कामे चालविणारे बत्तीस वर्षांचे गृहस्थ होते. ११ फेब्रुवारी २०१० रोजी, खटला शेवटाकडे आला असताना, कुर्ल्यातील त्यांच्या कचेरीत शिरून मारेकऱ्यांनी त्यांचा गोळ्या घालून खून केला. अशीलाची मुक्तता पाहण्यास ते राहिले नाहीत. तीन महिन्यांनी न्यायाधीश ताहिलियानी यांनी त्या नकाशावर विश्वास ठेवता येत नाही असे ठरवून दोघांनाही या खटल्यातून मुक्त केले. २६ नोव्हेंबरच्या रात्री जे वीर कामी आले त्यांच्या नावांचे फलक मुंबईत आहेत, आणि ते यथायोग्य आहेत. परंतु या खटल्याला न्यायाचे रूप यावे म्हणून जो आपले काम करीत राहिला आणि त्यातच मारला गेला, त्या आझमींचे नावही या हकिकतीत आदराने घेतले पाहिजे.

सुमारे दीड हजार पानांचे निकालपत्र ३ मे रोजी जाहीर झाले आणि ६ मे २०१० रोजी, दोषारोप निश्चित झाल्याला बरोबर एक वर्ष होत असताना, शिक्षा फर्मावण्यात आली: पाच अपराधांसाठी फाशी, पाचांसाठी जन्मठेप. महाराष्ट्राला न्यायाधीशाच्या धैर्याची थोर परंपरा ठाऊक आहे. नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर रघुनाथरावांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे आपल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतात. रामशास्त्र्यांपुढे सत्तेचा दाब होता. ताहिलियानींपुढे होता तो लोकांच्या एकमुखी संतापाचा, आणि तो दाब झुगारणे अधिक अवघड असते, कारण तो संताप न्याय्य असतो आणि न्यायाधीश स्वतःही त्याच लोकांतील एक असतो. एका आरोपीस फाशी देताना त्याच्या शेजारच्या दोघांविरुद्धचा पुरावा अपुरा आहे असे म्हणावयास जे बळ लागते, त्याची जात रामशास्त्र्यांच्याच बळाची आहे.

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात अमीन सोलकर आणि फरहाना शाह यांनी कसाबची बाजू मांडली. न्यायमूर्ती रंजना देसाई आणि रणजित मोरे यांनी २१ फेब्रुवारी २०११ रोजी फाशी कायम केली, आणि राज्य सरकारचे अपील फेटाळून त्या दोघांची मुक्तताही कायम केली. तेथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे न्यायमित्र म्हणून नेमलेले राजू रामचंद्रन यांनी मांडलेला प्रमुख मुद्दा या साऱ्या हकिकतीच्या मर्माचा होता: अटकेनंतर पहिल्याच दिवसापासून आरोपीस वकील मिळावयास हवा होता, तो मिळाला नाही, म्हणून सारी कारवाई दूषित झाली. न्यायमूर्ती आफताब आलम आणि चंद्रमौळी कुमार प्रसाद यांनी २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात हा मुद्दा बारकाईने तपासला. कसाबला वकील देऊ केला होता आणि तो पाकिस्तानी वकिलासाठी हटून बसला होता, हे दफ्तरावरून दिसत असल्यामुळे त्यांनी खटला दूषित मानला नाही. मात्र अटक झालेला कोणताही इसम दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम उभा राहील त्याच क्षणी, वकिलाचा सल्ला घेण्याचा तुला अधिकार आहे आणि ऐपत नसेल तर सरकारखर्चाने वकील मिळेल, हे त्याला सांगणे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर करणारा खात्यामार्फत कारवाईस पात्र ठरेल, असे न्यायालयाने बजाविले. त्याच निकालात हल्ल्याचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या दूरचित्रवाहिन्यांनाही कडक शब्दांत दोष दिला आहे. कारण त्या पडद्यावर पाहूनच सीमेपलीकडील सूत्रधार आपल्या माणसांना सुरक्षा दलांच्या हालचाली कळवीत होते. अशा रीतीने कसाबच्या अपिलातून जो दंडक निघाला, त्याचा लाभ चोरीच्या आळावरून धरलेल्या एखाद्या निरक्षर मजुरालाही मिळावयाचा आहे.

५ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी दयेचा अर्ज फेटाळला, आणि २१ नोव्हेंबर रोजी सकाळी साडेसात वाजता पुण्याच्या येरवडा कारागृहात कसाबला फाशी देण्यात आली. सारी व्यवस्था गुप्त राखण्यात आली होती. जनतेला कळले ते शिक्षा अंमलात आल्यावर. बंदोबस्ताच्या दृष्टीने याची कारणे समजण्यासारखी असली, तरी चार वर्षे उघडपणे चाललेल्या न्यायप्रक्रियेचा शेवट पडद्याआड व्हावा ही त्यातील उणीवच मानली पाहिजे. त्याचे दफन कारागृहाच्या आवारात करण्यात आले. त्याच्या नऊ साथीदारांना तर मुंबईतील मुसलमान समाजाच्या विश्वस्तांनी आपल्या कबरस्तानात जागा नाकारली होती. निरपराधांची हत्या करणारे आमच्या धर्माचे नव्हेत असे त्यांनी सांगितले, आणि अखेर सरकारने ते देह अज्ञात स्थळी पुरले.

ही हकिकत येथे पुरी होत नाही, कारण न्याय पुरा झालेला नाही. ज्यांनी त्या दहा जणांना शिकविले, पोसले आणि दूरध्वनीवरून मारावयास लावले, त्यांच्यापैकी कित्येक पाकिस्तानात आहेत. रावळपिंडीत सुरू झालेला खटला वर्षानुवर्षे रखडला, आणि त्यातील प्रमुख आरोपी झकीउर रेहमान लखवी २०१५ साली जामिनावर बाहेर आला. हल्ल्यापूर्वी मुंबईची टेहळणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीला अमेरिकेच्या न्यायालयाने २०१३ साली ३५ वर्षांची शिक्षा दिली. त्याचा सोबती तहव्वुर राणा याला २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताच्या ताब्यात देण्यात आले. म्हणजे आणखी खटले व्हावयाचे आहेत, आणखी आरोपी आपल्या न्यायासनापुढे उभे राहावयाचे आहेत, आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारला जाणार आहे की, याला वकील कशाला, याला खटला कशाला.

त्या प्रश्नाचे उत्तर आर्थर रोडच्या त्या निकालपत्रात आहे. ज्या चौकशीमुळे कसाबचा अपराध निःसंशय ठरला, तीच चौकशी झाली म्हणून दोन माणसे फासापासून वाचली. चौकशीविना शिक्षा झाली असती तर तिघेही एकाच दोराला लटकले असते, आणि त्यांपैकी दोघांविरुद्ध विश्वासार्ह पुरावा नव्हता हे आपल्याला कधी कळलेही नसते. म्हणून वाचकांपाशी एवढेच मागणे आहे की, पुढे कधी आपल्या गावात असा प्रसंग येईल आणि एखादा वकील सर्वांच्या तिरस्कारास पात्र झालेल्या आरोपीचे वकीलपत्र घेऊन न्यायालयाची पायरी चढू लागेल, तेव्हा त्याच्या घरावर दगड घेऊन जाणाऱ्यांत आपण असू नये, आणि जे जातील त्यांना आडवे व्हावे.